निलगिरीची पानं माना टाकत नाहीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत झाडांची पानं आणि बदलतं हवामान यावर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, एकदा आवडला म्हणून आणि दुसऱ्यांदा चिडून. चिडायला सुरुवात फोटोपासूनच झाली. फोटो निलगिरीचा, छान मोठा रंगीत, आणि खाली ओळ काय तर 'उन्हाच्या तडाख्याने माना टाकलेली पानं'. अहो, त्या झाडाला काहीही झालेलं नव्हतं, ठणठणीत होतं ते. वयात आलेल्या निलगिरीची पानं कायम तशीच लोंबतात, भर पावसात बघा नाहीतर थंडीत बघा. आणि गंमत म्हणजे लेखाचा जो विषय होता ना, हवामानाप्रमाणे पान कसं घडत गेलं, त्याचं इतकं चांगलं उदाहरण तुम्हीच समोर छापलंत आणि त्यालाच आजारी ठरवून टाकलंत.

मी काही बॉटनीचा माणूस नाही, नोकरी आकडेमोडीत गेली. पण पानं गोळा करून दाबून ठेवायचा नाद ३० वर्षांपासून आहे, आणि दाबायला तुमचाच पेपर वापरतो (ओल चांगली शोषतो, कौतुक म्हणून घ्या), त्यामुळे चार ओळी लिहायचा हक्क आहे असं समजतो. चारच्या जास्त होतील. वाटलं तिथे कात्री लावा.

तर निलगिरी. पान असं लोंबतं असलं की दुपारी सूर्य डोक्यावर असताना त्याच्याकडे पानाची नुसती कड येते, म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं नेमकं तेव्हा पान कमी तापतं, पाणी कमी उडतं, आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं ते मात्र चपट्या अंगावर घेता येतं. म्हणूनच निलगिरीखाली उभं राहिलं तर सावली म्हणावी तशी मिळत नाही. बहुतेक झाडांच्या पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकी असते, या लोंबत्या पानांना वर-खाली असं काही उरलेलंच नाही, दोन्ही बाजू जवळपास सारख्या. आणि ग्लोब्युलस जातीच्या निलगिरीचं लहान रोप बघा, निळसर, गोलसर, बिनदेठाची, जोडीजोडीने बसलेली पानं, हे त्याच झाडाचं पोर आहे म्हणून सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

ऑस्ट्रेलियातल्याच अकेशियाचं तर त्याहून भारी. बी रुजून आलेल्या रोपाला पहिली पानं आपल्या बाभळीसारखी येतात, बारीक बारीक पर्णिकांची. मग पुढच्या प्रत्येक पानात देठ जरा जास्त चपटा होत जातो आणि पर्णिका कमी कमी होत जातात, आणि शेवटी पर्णिका गायब, नुसता देठच पान बनून राहतो. मोठ्या झाडावर आपल्याला जे लांबट विळ्यासारखं पान दिसतं ना, तो देठ आहे! जाड, चिवट, कोरड्या हवेत तग धरणारा. मधल्या अवस्थेतलं एक पान माझ्याकडे दाबलेलं आहे, खाली पसरट देठ आणि टोकाला चार पर्णिका केविलवाण्या लटकलेल्या. घरी आलेल्या प्रत्येकाला ते दाखवतो, घरचे वैतागतात.

आता माझं खरं भांडण. लेखात तीन-चार वेळा आलं होतं की 'झाडं आपली पानं बदलून हवामानाशी जुळवून घेतात' आणि शेवटी 'यापुढेही घेतील' असा दिलासा. या 'जुळवून घेतात' मध्ये दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय आणि तो दिलासा त्या खिचडीतूनच आलाय.

पहिली गोष्ट म्हणजे एकच झाड त्याच्या हयातीत जे करतं ते. कुठल्याही मोठ्या झाडाच्या शेंड्याचं एक पान आणि आत सावलीतलं एक पान शेजारी ठेवून बघा, वरचं लहान आणि जाड, आतलं मोठं आणि पातळ. झाड एकच, वर्षही एकच. पालवी लवकर फुटणं, कोरड्या वर्षी पानं लहान येणं, लवकर गळणं, हे सगळं याच खात्यात. पण हे रबर जेवढं ताणतं तेवढंच ताणतं, त्याची हद्द बियाण्यातच ठरलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे उत्क्रांती, आणि ती कुठलंही झाड 'करत' नाही. शंभर रोपांतली ज्यांची पानं त्या हवेला चालली नाहीत ती मेली किंवा त्यांना बी कमी धरलं, ज्यांची चालली त्यांचं बी जास्त पसरलं, असं पिढ्यानपिढ्या. त्यात जुळवून घेणं कमी आणि मरणंच जास्त आहे, फक्त आपल्याला उरलेले तेवढे दिसतात म्हणून ते हुशारीसारखं वाटतं.

या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात हं. अमेरिकेत लाल मेपलवर हा प्रयोग झालाय, २००९ साली छापून आला. कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत ठिकठिकाणचं बी आणून दोन बागांत लावलं, एक थंड ऱ्होड आयलंडमध्ये आणि एक गरम फ्लोरिडात. पानांची कड मोजली, तर थंड बागेत वाढलेल्या रोपांच्या पानांना दाते जास्त आले. म्हणजे जागेचा परिणाम आहेच, पण बी मुळात कुठलं होतं त्याचाही फरक दिसला. दोन्ही हिशोब एकाच पानात बसलेले असतात.

आणि दात्यांचा विषय निघालाच आहे तर ते जरा सांगतो कारण लेखात ते अजिबातच नव्हतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेशीर भाग तोच. १९१५ मध्ये बेली आणि सिनट नावाच्या दोन अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं की थंड प्रदेशातल्या जंगलात दातेरी कडेची पानं असलेल्या झाडांच्या जाती जास्त असतात आणि गरम ओल्या जंगलात गुळगुळीत कडेच्या. एका झाडावरून काही सांगता येत नाही, पण सगळ्या जंगलाची यादी करून गुळगुळीत कडेवाल्या जाती किती टक्के ते काढलं की तिथलं वर्षाचं सरासरी टेंपरेचर बऱ्यापैकी अंदाजता येतं. पुढे जॅक वुल्फ यांनी पूर्व आशियातल्या जंगलांवर हे नीट मोजलं, तर गुळगुळीतवाले १० टक्क्यांनी वाढले की टेंपरेचर साधारण ३ अंशांनी जास्त, असा हिशोब बसला. आता हेच कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडातल्या पानांच्या ठशांना लावा, ते झाड आज शिल्लक नसेल, त्याचं नावही माहीत नसेल, तरी कड तर दिसते ना! पानांच्या कडा मोजून नामशेष जंगलाचा ताप घ्यायचा, मला तरी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

थंडीत दाते का, यावर मात्र अजून एकमत नाही. एक म्हणणं असं की थंड प्रदेशात हंगाम छोटा, त्यामुळे कोवळं पान उघडल्या उघडल्या कामाला लागलं पाहिजे, आणि दात्यांच्या टोकाशी पहिल्या काही आठवड्यांत पाण्याची आणि अन्न बनवायची लगबग जास्त असते असं मोजलेलंही आहे. दुसरं म्हणणं असं की हे सगळं कळीतल्या घडीचं गणित आहे, हिवाळाभर पान त्या मिटलेल्या कळीत बसून असतं आणि तिथे ते कसं दुमडून कोंबलंय त्यावरून त्याची कड ठरते. मला दुसरं जास्त पटतं, कळी उभी चिरून बघितली की आत जी दाटीवाटी दिसते ती बघून. पण माझ्या पटण्याला काय अर्थ आहे.

लेखातलं आणखी एक वाक्य, 'उष्ण प्रदेशात पानं लहान असतात.' अर्धं खरं आहे. मग सागाचं काय? उन्हाळा कडक तिथेच वाढतो आणि पान तर सुपाएवढं. पळसाचंही तसंच. मोठ्या पानाची अडचण अशी की पानाला चिकटून हवेचा एक स्थिर थर असतो, पान जितकं मोठं तितका तो थर जाड, आणि मग वारा असूनही पानातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. लहान पान किंवा बारीक पर्णिकांमध्ये विभागलेलं पान, जसं चिंच, बाभूळ, शमी, ते हवेच्या टेंपरेचरच्या आसपास राहतं. पण मोठ्या पानाला पाणी भरपूर मिळत असेल तर ते घाम गाळून, म्हणजे बाष्प सोडून, स्वतःला थंड ठेवू शकतं. साग तेच करतो, पावसाळ्यात भलीमोठी पानं फोडून घ्यायचं ते घेतो आणि पाणी संपलं की सगळी गाळून मोकळा होतो. तेव्हा प्रश्न नुसत्या उन्हाचा कधीच नसतो, उन्हाच्या वेळी पाणी आहे का हा असतो.

आणि यात एक कोपरा असा आहे की जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, माझ्याही आला नव्हता. रात्र! २०१७ मध्ये इयन राइट आणि बऱ्याच जणांनी मिळून जगभरातल्या ७६७० जातींच्या पानांचे आकार तपासले, तर जगाच्या बऱ्याच भागात पानाच्या मोठेपणाला लगाम दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीच्या गारठ्याने घातलेला निघाला. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. लहान पानाला हवा परत थोडी ऊब देऊ शकते, मोठ्या पानाला तोच जाड थर आड येतो आणि ते गोठतं. दिवसा जो थर भाजतो तोच रात्री गोठवतो. म्हणून थंड ठिकाणी मोठी पानं टिकली नाहीत, आणि आपण मात्र सगळं बिल दुपारच्या उन्हावर फाडत बसलो होतो.

सुया, मेणाचा थर, लव, काटे वगैरे लेखात व्यवस्थित होतं, त्यावर काही म्हणणं नाही. फक्त कण्हेर राहिली. कण्हेरीच्या पानाच्या खालच्या अंगाला बारीक खळगे असतात, आत लव असते, आणि पानाची रंध्रं, म्हणजे हवा-पाण्याची ये-जा होते ती बारीक छिद्रं, त्या खळग्यांच्या आत लपवलेली, म्हणजे कोरडा वारा थेट लागत नाही. रंध्रं हीच पानाची मोठी गोची आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला ती उघडावीच लागतात आणि उघडली की पाणी जातं, कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायला पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. बंद ठेवावीत तर उपासमार, उघडावीत तर तहान.

मग हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की काय होतं? कमी रंध्रांत काम भागतं. १९८७ मध्ये वुडवर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केंब्रिजच्या हर्बेरियममधली, म्हणजे वनस्पतींच्या संग्रहातली, जुनी दाबलेली पानं काढून रंध्रं मोजली, साधारण २०० वर्षांत त्या झाडांच्या पानांवरची रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली निघाली. (दाबलेली पानं अडगळ आहेत म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं, आमच्या घरातल्यांनी विशेष करून.) कारखान्यांच्या आधी हवेत दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेलाय. वरवर बघता ही चांगली बातमी वाटते, रंध्रं कमी म्हणजे पाण्याची बचत, आणि तुमच्या लेखकानेही ती चांगली बातमी म्हणूनच दिलीय. पण मघाशी सागाचं सांगितलं ते आठवा, पाणी उडतं म्हणून पान थंड राहतं. पाणी वाचवलं की पान तापणार. आणि तेही हवा आधीच तापलेली असताना.

हे पूर्वी झालेलं आहे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक संपून ज्युरासिक सुरू होताना ज्वालामुखींमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड प्रचंड वाढला. जेनी मॅकएल्वेन आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंड आणि स्वीडनमधले त्या काळातले पानांचे जीवाश्म तपासून १९९९ मध्ये दाखवलं की पानांवरची रंध्रं घटली आणि त्याच सुमारास रुंद पानवाल्या जाती जाऊन त्यांच्या जागी अरुंद, चिरलेल्या पानांच्या जाती आल्या. रुंद पान त्या हवेत भाजून निघत असावं असा त्यांचा अर्थ. बघा, इथेही रुंद पानवाल्यांनी 'जुळवून' नाही घेतलं, त्यांच्या जागेवर दुसरे येऊन बसले.

त्याच्याही मागे गेलं तर आणखी मोठी गोष्ट आहे. जमिनीवरच्या अगदी सुरुवातीच्या वनस्पतींना पानच नव्हतं, कुकसोनिया म्हणून ४२ कोटी वर्षांपूर्वीची एक आहे, काही सेंटिमीटरच्या फाटे फुटलेल्या काड्या आणि टोकाला बीजाणूंच्या पिशव्या, बस. चपटं रुंद पान सगळीकडे दिसायला लागायला त्यानंतर ४-५ कोटी वर्षं लागली. एवढा उशीर का, तर बियरलिंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं की तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड इतका होता की रंध्रं मोजकीच असायची, आणि मोजक्या रंध्रांचं रुंद पान उन्हात धरलं तर करपणारच. पुढे कार्बन डायऑक्साइड उतरत गेला, रंध्रं वाढली, पान थंड राहू लागलं, आणि मग कुठे पानाला रुंद होणं परवडलं. म्हणजे आपण ज्याला पान म्हणतो ती वस्तूच मुळात कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे जन्माला आली असं हे म्हणणं, आणि आपण ते चक्र उलटं फिरवतोय.

आता वेगाचं. पानं आपल्या डोळ्यांदेखत बदलतात का, तर थोडी बदलतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात डोडोनिया नावाच्या झुडपाच्या एका प्रकाराचे जुने नमुने आणि आजचे नमुने तुलना करून बघितले, १२७ वर्षांत पान सरासरी २ मिलिमीटर अरुंद झालेलं. त्यातलं किती रबर ताणल्यामुळे आणि किती बियाण्यात उतरलं हे मोजपट्टीवरून कळत नाही. वर्षायू वनस्पतींचं काम पटापट होतं, कॅलिफोर्नियात मोहरीच्या कुळातली एक रानटी वनस्पती दुष्काळात काही मोजक्या पिढ्यांत लवकर फुलायला लागली आणि तो बदल बियाण्यात उतरलेला होता हे २००७ मध्ये सिद्ध केलंय. पण तिची पिढी एका वर्षाची. जंगलातल्या झाडाला पहिलं बी धरायलाच कितीतरी वेळा २०-३० वर्षं लागतात, म्हणजे मोहरीच्या सात पिढ्या सात वर्षांत, झाडाच्या सात पिढ्यांना दीडदोनशे वर्षं. हवामान तोवर थांबत नाही.

मग झाडांनी आधी केलं काय अशा वेळी? बऱ्याचदा पान बदललं नाही, जागा बदलली. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी काही हजार वर्षांत ५ अंशांहून जास्त तापली होती. अमेरिकेत वायोमिंगमधल्या खडकांत त्या काळातली पानं सापडली, स्कॉट विंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अभ्यासली. तापायच्या आधीच्या थरात एक जंगल, तापलेल्या थरात भलतंच, दूर दक्षिणेकडून सरकत आलेल्या जातींचं, पानं लहान, कडा गुळगुळीत जास्त. आणि पुन्हा थंड झाल्यावरच्या थरात आधीच्यातले बरेच परत हजर! ते कुठेतरी वर उत्तरेला किंवा डोंगरात जाऊन राहिले होते आणि परत आले. तेव्हा मध्ये रस्ते, शहरं, शेतं नव्हती, आणि ते तापणं आजच्यापेक्षा सावकाश होतं. आज बी जरी वाऱ्याने किंवा पक्ष्याने पुढे नेलं तरी रुजणार कुठे, डांबरावर?

एक आकडा लेखात यायला हवा होता. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पानात साधारण ४६.७ अंशांना अन्न बनवायची यंत्रणा मोडायला लागते, हवेचं नाही, पानाचं स्वतःचं टेंपरेचर. २०२३ मध्ये अंतराळ स्थानकावरच्या उपकरणाने घेतलेली मोजमापं वापरून काढलंय की वर्षभरात सुमारे ०.०१ टक्के पानं ही हद्द आत्ताच ओलांडतात. प्रमाण छोटं आहे, मान्य. पण हवा आणखी ४ अंशांच्या आसपास तापली तर काय, हा त्याच अभ्यासातला पुढचा प्रश्न, आणि त्यांचं उत्तर काही 'यापुढेही जुळवून घेतील' असं नाही. लेखकाने अभ्यास करून लिहिलंय हे दिसतं, म्हणूनच शेवटच्या त्या गोड परिच्छेदाचा जास्त राग आला.

पूर्ण पत्र छापायला जागा नसणारच. मग निदान पुढच्या रविवारी दुरुस्ती म्हणून फोटोखालची ती एक ओळ तरी बदला, निलगिरीची पानं माना टाकत नाहीत, ती तशीच असतात.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. तो लेख कापून जपून ठेवलाय. पुरवणीच्या उरलेल्या पानांत सध्या अकेशियाची तीन पानं दाबलेली आहेत, म्हणजे तीन देठ.